घरून ऑनलाईन कॉन्फरन्स अटेंड करायची हाये, साडेचार हजार टाकू का नको?

दारव्हा_टेस्टर
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा हाये, चहा घेऊन बसा.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून काम करतो. पुण्याची कंपनी हाये, तिच्या वेबसाईटी तपासून द्यायच्या, म्हणजे टेस्टिंग. लॉकडाऊनमधी घरी आलो तो वापस गेलोच नाई. आधी सगळं हातानं क्लिक करकरून पाहायचो, मंग पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहाची भाषा शिकलो, आता बरंचसं स्क्रिप्टवर, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर चालते. तं ऑक्टोबरच्या शेवटी युरोपातली एक कॉन्फरन्स हाये, नाव मुद्दाम लिहीत नाई, पायथन आन टेस्टिंगचीच हाये, शुक्रवार ते रविवार. तिथं जायचं म्हणजे विमान, व्हिसा, हॉटेल, त्याचा तं इचारच नाई, पण घरबसल्या पाहायचं तिकीट ठेवलं त्याईनं, आपल्या पैशात साडेचार हजारच्या आसपास पडते. बाबाले सांगतलं तं बाबानं दोन सेकंदात हिशोब केला, "म्हणजे एक क्विंटल सोयाबीन." मंग काही बोललेच नाई, उठून ढोराले पाणी दाखवाले गेले.

पैशाचं एक, पण खरी भीती मले मागच्या अनुभवाची हाये. २०२१ ची गूगल आयओ, म्हणजे गूगलची दरवर्षीची कॉन्फरन्स पाह्यली होती, फुकट होती, आपल्याकडं रात्री साडेदहाले सुरू व्हायची. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पाह्यलं आन सकाळी उठलो तं मोबाईल छातीवर. मंग एक दिवसाची दुसरी एक होती, तिले रजिस्टर केलं, सकाळपासून तयार होऊन बसलो, आन नेमकं त्याच दिवशी सोयाबीन काढाची मशीन आली. मशीनवाला काही आपल्यासाठी थांबत नाई. दिवसभर मी एका कानात हेडफोन घालून पोते शिवत होतो, हातात दाभण-सुतळी आन कानात तो टॉक देणारा बाप्पा असिंक काय, अवेट काय, पायथनमधले शब्द सांगून रायला. काय समजलं म्हणसान तं शून्य. पोते मात्र बरोबर शिवले.

नेटचं म्हणाल तं गावातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलंय, लाईन असली का मस्त. लाईन गेली का राऊटर गेला, मंग मोबाईलचा रोजचा दीड जीबी, घरात एक दांडी, गच्चीवर दोन. त्या टायमाले आमचं नेट म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, शकुंतला एक्सप्रेस, कुठं थांबायची आन किती वेळ थांबायची, कोणालेच माहीत नसायचं.

तं सांगा, तिकीट काढू का? का मागून यूट्यूबवर पाहू? ज्याईनं खेड्यातून असं काही अटेंड केलं त्याईनं सांगा, पुण्या-बंगलोरवाल्याईचं ज्ञान नको.

—

फुकट_तेच_चांगलं
काऊन पैसे घालवता भाऊ. सगळे टॉक यूट्यूबवर येतेच. २०२० ची अमेरिकेतली पायकॉन, म्हणजे पायथनवाल्याईची कॉन्फरन्स, पिट्सबर्गले होणार होती, कोरोनानं रद्द झाली, तरी लोकाईनं घरून रेकॉर्ड करून टाकलेच ना व्हिडिओ, आजबी पडले हायेत. ब्रसेल्सची फोसडेम, म्हणजे ओपन सोर्सवाल्याईची कॉन्फरन्स, तं दरवर्षी फुकट, नावसुद्धा नोंदवा लागत नाई. दीडच्या स्पीडनं पाहा, साडेचार हजार वाचले. एक क्विंटल सोयाबीन ते एक क्विंटल सोयाबीन.

—

आर्वीची_ताई
फुकट भाऊ, एक विचारू? यूट्यूबच्या 'वॉच लेटर'मधे तुमचे किती व्हिडिओ पडलेत? माझे दीडशेच्या वर आहेत. त्यातले पाहिले किती, ते नाही सांगत. आपण ते लिस्टमधे टाकतो आणि टाकलं म्हणजे पाहिल्यासारखंच वाटतं.

दारव्हा दादा, मी २०२० ची पायकॉन इंडिया घरून केली. २ ते ५ ऑक्टोबर होती, पहिल्यांदाच पूर्ण ऑनलाईन. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज बंद, घरी आर्वीजवळच्या गावात. एरवी ती कॉन्फरन्स बंगलोर, चेन्नई, हैदराबाद अशी कुठेतरी असायची आणि मला घरून एकटीला नागपूरलासुद्धा 'कोणासोबत चाललीस' विचारल्याशिवाय सोडत नव्हते, तर चेन्नई म्हणजे विषयच संपला. त्यामुळे लोक जेव्हा म्हणतात की ऑनलाईनमधे मजा नाही तेव्हा मला थोडा रागच येतो, कारण आमच्यासाठी दार उघडलं तेच मुळात त्या वर्षी.

आता मुद्द्याचं. टॉक नंतर पाहता येतात हे खरंच आहे, पण टॉकच्या बाजूला जी चॅट चालते ती नंतर नाही मिळत. मी पायटेस्टच्या (पायथनमधे टेस्ट लिहायचं टूल) फिक्सचरबद्दल, म्हणजे टेस्टच्या आधीच्या तयारीच्या कोडबद्दल, एक प्रश्न टाकला होता. टाकायच्या आधी दहा वेळा लिहिला, दहा वेळा खोडला, इंग्रजी बरोबर आहे का, प्रश्न बावळट तर नाही ना. माईकवर उभं राहून तर मी मेले तरी विचारला नसता. शेवटी टाकला. बोलणाऱ्यानं तो वाचून दाखवला, माझ्या आडनावाची पार वाट लावली पण उत्तर दिलं, आणि चॅटमधल्या एकानं लिहिलं की हे आमच्या प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमधे कुठेच नाहीये, तूच लिहून पाठव ना. माझा पहिला पुल रिक्वेस्ट तो, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधे घ्या म्हणून पाठवलेला बदल. सहा ओळी होत्या. तो व्हिडिओ मी वर्षभरानं पाहिला असता तर त्या सहा ओळी कोणाला पाठवल्या असत्या?

आणि तुमचा खरा प्रॉब्लेम नेटचा नाहीच, पोत्यांचा आहे. माणूस बंगलोरला गेला की तो गेला असतो, त्याला कोणी सिलेंडर आणायला नाही सांगत. घरात बसून कॉन्फरन्स म्हटलं की घरच्यांच्या हिशोबानं तुम्ही घरीच आहात, रिकामे, वरून मोबाईल पाहताय. मुलीचं तर विचारूच नका, तासाला एकदा कणीक मळायची हाक. मी काय केलं माहितीये? सांगितलं, ऑनलाईन परीक्षा आहे, चार दिवस. त्या वर्षी ऑनलाईन परीक्षा गावातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा कळत होती. मग बघा, आईनं दार लोटून घेतलं, कुकरची शिट्टीसुद्धा मागच्या अंगणातल्या शेगडीवर. आजीनं देवापुढं दिवा लावला. पाप लागलं असेल तर लागू दे.

—

दारव्हा_टेस्टर
ताई 😂 आमच्या बाबाले परीक्षा सांगतली तं म्हणतीन या वयात काऊन नापास होऊन रायला.
पण पोत्याचं बरोबर बोललात.

—

वरुडचा_वायरमन
मी लाईनीबद्दल सांगतो, बाकी इथले शहाणे सांगतीलच.

फवारणीचा बॅटरीवाला पंप हाये का घरी? असंलच. त्यात खाली १२ व्होल्टची बॅटरी असते, बहुतेक ८ एएचची. आता राऊटरचा अडॅप्टर उलटा करून वाचा, आऊटपुट १२ व्होल्ट १ अँपिअर असं लिहिलं असंल तं तुमचं काम झालं. सीसीटीव्हीवाले वापरतात ती डीसी पिन मोबाईल रिपेरिंगवाल्याकडं वीस-तीस रुपयात भेटते, तिले दोन वायरी, बॅटरीच्या प्लस-मायनसले. पंप नवा असंल आन रात्रभर चार्ज केला असंल तं राऊटर पाच-सहा तास आरामात चालते, दोन सीझन मारलेली बॅटरी असंल तं दोन-तीन तास धरा.

पण काही गोष्टी नीट पाहा, नाई तं मले शिव्या द्यान. अडॅप्टरवर गोल-गोल चिन्ह असते, मधातला टिंब प्लसले जोडला हाये का मायनसले ते पाहा, बहुतेकाईचं मधात प्लस असते पण पाहूनच लावा, उलटं लागलं तं राऊटर गेला. राऊटर ९ व्होल्टचा किंवा ५ व्होल्टचा असंल तं हात लावू नका. बॅटरी चार्जिंगले लावलेली असताना राऊटर जोडू नका. प्लसच्या वायरीत दोन अँपिअरचा फ्यूज टाकला तं सोन्याहून पिवळं. आन काहीकाईकडं फायबरचा पांढरा डब्बा वेगळा आन राऊटर वेगळा असते, तेव्हा दोघाईले करंट पाह्यजे, एकाले देऊन बसले तं दिवे लागतीन पण नेट येणार नाई.

अजून एक, केबलवाल्याले फोन करून इचारा का त्याच्या डब्ब्यावर बॅकअप हाये का. तुमचा राऊटर चालू आन त्याची मशीन बंद, तं बॅटरी लावून फायदा काय. आमच्याकडचा म्हणते इन्व्हर्टर हाये, मी जाऊन पाह्यलं तं इन्व्हर्टर होता, त्याच्यावर त्याचा पंखा चालू होता.

मोबाईलचा दीड जीबी विसरा. ४८० च्या क्वालिटीनं तासाले अर्धा जीबीच्या आसपास जाते, दिवसभर पाह्यचं म्हणजे चार-पाच जीबी. आन २४० वर आणलं तं माणूस दिसते पण कोड वाचता येत नाई. मी मोबाईलवर असलो तं व्हिडिओ सगळ्यात कमी करतो, आवाज फक्त आयकतो आन बोलणाऱ्यानं स्लाईडची लिंक टाकली असते ती बाजूले उघडून स्वतःच पानं पलटवतो. बरंच भागते.

—

वरुडचा_वायरमन
हे राहूनच गेलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपवाले घड्याळ एक तास मागं घेतात. म्हणजे शुक्रवारी-शनिवारी त्याईचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, पण रविवारी दीड. मी एकदा रविवारी साडेबाराले बसलो, स्क्रीन कोरी. मले वाटलं नेट गेलं, राऊटर तीनदा बंद-चालू केला, केबलवाल्याच्या मायबापाचा उद्धार केला, एक तासानं आपोआप सुरू झालं. तुमची कॉन्फरन्स त्याच रविवारी येते का पाहून घ्या.

—

पांढरकवडा_४४
माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या. मी २०१८ ची पायकॉन इंडिया हैदराबादला जाऊन केली. आमचं गाव हायवे ४४ वर, रात्रीची गाडी धरली की सकाळी हैदराबाद, आम्हाला काही अवघड नव्हतं. खरं सांगतो, टॉक कोणते ऐकले त्यातले दोन आठवतात. आठवते ती चहाची लाईन. माझ्या पुढं एक जण उभा होता, त्याला सहज म्हटलं की आमचा सर्व्हर रोज रात्री दोनला बसतो, काय कारण असेल, त्यानं कप हातात धरून वीस मिनिटं मला लॉग कसे वाचायचे ते सांगितलं. चहा पार गार. पुढं त्याच माणसाच्या ओळखीनं मी आताच्या नोकरीत लागलो. ऑनलाईनमधे ही चहाची लाईन नाही. ते टेबल-टेबल फिरायचे व्हर्च्युअल हॉल काढले होते ना, आपली बाहुली घेऊन बाणाच्या बटणांनी चालत जायचं, जवळ गेलं की समोरच्याचा व्हिडिओ उघडतो, गॅदर का काय, ते मी एकदा केलं. माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, बाहुली भिंतीतच अडकून पडली. निघाली तेव्हा एका टेबलापाशी पोचलो, चार गोरे बोलत होते, मी माईक चालू करून हॅलो म्हटलं आणि मागून आमची म्हैस ओरडली. सगळे हसले, चांगल्या मनानं हसले, पण मी खिडकीच बंद केली.

म्हणून म्हणतो, साडेचार हजारात अजून थोडे टाका आणि भारतातल्याच एखाद्या कॉन्फरन्सला जाऊन या. माणसं भेटतात.

—

आर्वीची_ताई
पांढरकवडा दादा, "रात्रीची गाडी धरली की सकाळी हैदराबाद." हे वाक्य तुम्ही किती सहज लिहिलंत. मला ते लिहायला लग्न होऊन नोकरी लागून तीन वर्षं गेली.

आणि म्हैस ओरडली तर ओरडली, खिडकी कशाला बंद करायची? त्यांना म्हशीबद्दल सांगायचं. चहाची लाईन तीच होती की.

—

पांढरकवडा_४४
मान्य ताई. त्या बाजूनं विचारच केला नव्हता. म्हशीचं पण मान्य.

—

पुसदकर_एमपीएससी
मी आयटीवाला नाही, चुकून आलो इथं, पण एक सांगतो. दारव्ह्यात अभ्यासिका असतीलच ना. आमच्याकडं महिन्याचे पाच-सातशे घेतात, स्वतःची खुर्ची, प्लग, वायफाय, इन्व्हर्टर, कोणी हाका मारत नाही. मालकाला म्हणा तीन दिवसांसाठीच पाहिजे, देतो तो. घरी सांगायचं "दारव्ह्याला चाललो." गाडीला किक मारून गेलं की गेलं. फक्त तिथं आवाज करता येत नाही, बोलायचं असलं की जिन्यात जावं लागतं. आणि हसू आलं तर दाबा, आमच्याकडं हसणाऱ्याकडं सगळे राज्यघटनेचं पुस्तक खाली ठेवून पाहतात.

—

आर्वीची_ताई
हे बेस्ट आहे. दादा, पैशाचं अजून एक: कंपनीला विचारलं का? तुम्ही हे शिकून त्यांचंच काम करणार ना. आणि बऱ्याच कॉन्फरन्सा आर्थिक मदत देतात, युरोपायथनसारख्या तर उघड फॉर्म काढतात, त्यात फुकट तिकीटसुद्धा देतात, पण त्याची तारीख बरीच आधी संपते. तुमच्यावाल्यांची संपली असेल तरी मेल टाकून बघा, खेड्यातून आहे, पगार इतका आहे, असं सरळ लिहा. लाज कसली त्यात.

—

दारव्हा_टेस्टर
कंपनीले इचारायचं मले सुचलंच नाई 🤦 बाबाले इचारलं, तुमाले इचारलं, बायकोच्या भावाले इचारलं, ज्याचं काम करतो त्याले सोडून सगळ्याईले इचारलं. आज मॅडमले मेसेज टाकला, म्हणे बिल पाठव, अर्धे आमी देऊ, पण तीन दिवसाचं आमच्या टीमले एक तास समजावून सांगशील. आता म्हणजे झोपून जमणार नाई.

मदतीच्या फॉर्मची तारीख संपली होती. तिकीट काढलं.

—

फुकट_तेच_चांगलं
म्हणजे अर्धा क्विंटल. ठीक हाये, परवडते.

—

दारव्हा_टेस्टर
झालं बुवा मंडळी. इथं सांगतलंच पाह्यजे म्हणून लिहून रायलो, लांब होईन.

शुक्रवारी अभ्यासिकेत गेलो. मालकानं तीन दिवसाचे दीडशे घेतले, इचारलं कोणत्या परीक्षेचा अभ्यास, मी म्हटलं पायथन, तो म्हणे तलाठी भरतीत हाये का हे आता? जागा भिंतीकडची भेटली. दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ. पहिले दोन तास मी नुसता वहीत लिहीत बसलो जसं काही पेपरच हाये, मंग ताईचं आठवलं, लिहिणं बंद केलं आन चॅट पाहाले लागलो. तिथं एक बाई होती, पोर्तुगालची, तिनं लिहिलं का आमच्या टेस्टा कधी पास होते कधी फेल होते, कारणच सापडत नाई. हे तं आमचंबी रोजचं रडगाणं! मी लिहिलं, आमच्याकडं नेट स्लो असलं का असंच होते, मी मुद्दाम नेट स्लो करून टेस्ट चालवतो, जी तवा फेल होते तीच चोर. तिनं इचारलं, मुद्दाम कसं स्लो करता? आता काय सांगू, आमाले मुद्दाम करा लागतच नाई, गच्चीवरून खाली आलं का झालं. पण ब्राऊझरमधी डेव्हलपर टूलच्या नेटवर्कवाल्या भागात स्पीड कमी करता येते ते सांगतलं, आमची स्क्रिप्टबी टाकली. चार-पाच लोकाईनं अंगठे दिले. जेवणाच्या सुटीत एका जर्मन पोराचा मेसेज आला, तुमच्या स्क्रिप्टवर बोलायचं हाये, व्हिडिओवर येता का. मी जिन्यात जाऊन बोललो, माझं इंग्रजी त्याले समजलं, त्याचं मले अर्धं. वरून पोट्टे पाहून रायले का हा जिन्यात कोणाले डेटाबेस-डेटाबेस करून रायला.

शनिवारीबी मस्त. रविवारी वायरमन भाऊचं ध्यानात ठेवलं, दीडले सुरू. पण मंग संपणार साडेदहाले आन अभ्यासिका दहाले बंद, शेवटचे छोटे-छोटे पाच मिनिटाचे टॉक असते ते तिथंच बुडाले असते. म्हणून रविवारी घरीच बसलो, पंपाच्या बॅटरीची जोडणी करून, मधात प्लस पाहून, फ्यूज टाकून. बाबा पूर्ण वेळ बाजूले उभे, आपला पंप ना. पावणेसातले लाईन गेली. राऊटरचे दिवे तसेच चालू. बाबा म्हणे, "अरे!" बस, एवढंच म्हटलं, पण मंग कंदील न लावता तिथंच खुर्ची टाकून बसले आन माझ्यासोबत दोन टॉक पाह्यले. एकात बोलणाऱ्याच्या टेबलावर मांजर चढलं तं बाबाले तोच टॉक आवडला.

वायरमन भाऊ, आता मले तुमालेच इचारायचं हाये. बॅटरी रात्री साडेदहापर्यंत चालली, मंग मी चार्जिंगले लावाले इसरलो. सकाळी सहाले बाबा तुरीवर अळीची फवारणी कराले पंप घेऊन वावरात गेले, दोन ओळी मारल्या आन पंप बसला. तिथूनच फोन केला, बोलले ते इथं लिहीत नाई. तं जुनी वापरलेली १२ व्होल्टची बॅटरी, राऊटरपुरतीच, दारव्हा-यवतमाळकडं कुठं स्वस्तात भेटते का? अर्जंट हाये, मंगळवारी टीमले एक तास सांगाचं हाये आन बाबानं पंपाले कुलूप लावलंय.